संगणकांतील फायलींचा ताळा

जुन्या मराठी शाळेंत ज्यांनीं गणित घोटलें, त्यांस ‘ताळा’ हा शब्द नवा नाहीं. गुणाकार पुरा झाल्यावर तो सबंध पुन्हां न करतां उत्तर बरोबर आहे कीं नाहीं हें पाहण्याची जी युक्ति, तिचें नांव ताळा. ४७ ला २३ नें गुणिलें असतां उत्तर १०८१ येतें. ४७ चे अंक मिळविले म्हणजे ११, आणि तेही मिळविले म्हणजे २. २३ च्या अंकांची बेरीज ५. बे पंचे दहा, आणि दहाच्या अंकांची बेरीज १. आतां १०८१ चे अंक मिळविले तर तेही दहा, म्हणजे पुन्हां १ च. दोन्ही बाजू मिळाल्या, ताळा जमला, आणि विद्यार्थ्यानें पाटी गुरुजींपुढें ठेवली.

परंतु या ताळ्यांत एक उणीव आहे, व ती हुशार विद्यार्थ्यास लौकरच कळून येते. उतावळेपणानें १०८१ ऐवजीं १८०१ असें लिहिलें गेलें, तरी अंकांची बेरीज दहाच राहते आणि चुकलेलें गणित बरोबर म्हणून पार पडतें. नवाचा ताळा पुष्कळ चुका पकडतो, पण सर्व पकडीत नाहीं. आणि लबाडी करूं इच्छिणारास तर तो मुळींच अडवीत नाहीं. शाळेच्या पाटीवर एवढ्यानें भागतें. ज्या कामावर मनुष्याची जमीन, अब्रू किंवा मोकळीक अवलंबून असते, तेथें याहून कडक ताळा लागतो. असा ताळा संगणकशास्त्रानें तयार केला असून त्यास ‘हॅश’ असें म्हणतात. परभणी जिल्ह्यांतील तालुक्या-तालुक्यांत आज सातबाऱ्यापासून बँकेच्या खात्यापर्यंतचीं कामें संगणकावर चालतात. तेव्हां हा ताळा म्हणजे काय, तो कशाची साक्ष देतो आणि कशाची देत नाहीं, हें प्रत्येक सुज्ञ नागरिकास ठाऊक असणें अगत्याचें आहे.

संगणकांतील फाइल कोणत्याही रूपानें डोळ्यांपुढें आली, तरी तिचें अंतरंग एकाच प्रकारचें असतें. पत्र असो, छायाचित्र असो, भजन असो वा हिशेब करणारी आज्ञावली असो, आंत शून्य आणि एक या दोनच अंकांची लांबच लांब माळ असते. हॅशची रीत ही माळ पहिल्या अंकापासून शेवटच्या अंकापर्यंत वाचते. हल्लीं विशेष प्रचारांत असलेली ‘शा-२५६’ ही रीत घेतली, तर ती माळेचे ५१२ अंकांचे तुकडे पाडते, प्रत्येक तुकडा ६४ फेऱ्यांनीं घुसळते, आणि एका तुकड्याचें फळ पुढच्या तुकड्याच्या घुसळणींत मिसळते. अखेरीस २५६ अंकांचें एक उत्तर हातीं राहतें. तें लिहितांना दहा आंकडे आणि इंग्रजी वर्णमालेंतील पहिलीं सहा अक्षरें वापरून ६४ चिन्हांत लिहितात. फाइल एका ओळीची असो कीं सबंध चित्रपटाची असो, उत्तर ६४ चिन्हांचेंच येतें.

या उत्तराचे तीन गुण ध्यानांत ठेवण्याजोगे आहेत. पहिला गुण असा कीं, तीच फाइल कोठेंही, कोणत्याही यंत्रावर, कितीही वेळां मोजली, तरी उत्तर तेंच येतें. दुसरा असा कीं, फायलींत एका स्वल्पविरामाचा जरी फरक पडला, तरी उत्तर थोडेंसें न बदलतां त्यांतील सुमारें निम्मे अंक पालटून जातात, आणि जुन्या व नव्या उत्तरांत कसलेंही नातें दिसत नाहीं. तिसरा असा कीं, उत्तरावरून मूळ फाइल परत उभी करतां येत नाहीं. ज्वारीचें पीठ झालें म्हणजे त्याचें पुन्हां कणीस होत नाहीं, तसेंच हें. शिवाय संभवनीय उत्तरांची संख्या एवढी मोठी आहे कीं ती लिहावयास ७८ आंकडे लागतात. म्हणून दोन भिन्न फायलींचें उत्तर योगायोगानें एकच येईल, ही भीति व्यवहारांत धरण्याचें कारण नाहीं. याच गुणांमुळें हॅशला फायलीच्या अंगठ्याचा ठसा असें म्हणतात.

ठशाची ही उपमा नुसती शोभेची नाहीं. पूर्वीं सराईत गुन्हेगार गांव सोडी, नांव बदली, दाढी वाढवी, आणि दुसऱ्या ठिकाणीं नवा मनुष्य म्हणून वावरे. १८९७ सालीं कलकत्त्यास बोटांच्या ठशांचें दफ्तर उघडलें, तेव्हांपासून नांवापेक्षां बोटाचा पुरावा वरचढ ठरूं लागला. फायलीचेंही असेंच आहे. फायलीचें नांव ही तिच्या अंगावर बाहेरून लावलेली चिठ्ठी होय. बियाण्याच्या पिशवीवर ‘परभणी मोती’ असें छापलें, म्हणून आंतील दाणा त्या ज्वारीचा ठरत नाहीं. दाणाच तपासावा लागतो. तद्वत् फायलीचें नांव किंवा ती ठेवलेली जागा बदलली, तरी अंतरंग तेंच असल्यास हॅश तोच राहतो. आणि नांव तेंच ठेवून अंतरंगांत ढवळाढवळ केली, तर हॅश लागलाच बदलतो.

आतां ‘ओळखीच्या फायली’ म्हणजे काय, तें सांगितलें पाहिजे. जिंतूर किंवा सेलू येथील एखाद्या व्यापाऱ्याचा संगणक फसवणुकीच्या तपासांत जप्त झाला, असें समजावें. त्यांत लाखों फायली निघतात. परंतु त्यांतील बहुतेक त्या व्यापाऱ्याच्या नसतातच. यंत्र चालविणारी मूळ आज्ञावली, तिच्या अक्षरांचे टंक, चित्रें, मदतीचीं पानें, हिशेबाची तयार आज्ञावली, हा सर्व संभार गंगाखेडच्या, पुण्याच्या आणि लंडनच्या यंत्रांत एकसारखाच भरलेला असतो. या प्रत्येक फायलीस उघडून पाहूं लागल्यास तपासनिसाचा काळ व्यर्थ जातो, आणि निर्दोष मनुष्याचें यंत्र महिनोगणती अडकून राहतें. व्यापाऱ्याच्या वह्या त्या यंत्रांतच असतील, तर त्याचा धंदाही तितके दिवस बंद पडतो.

या अडचणीवर अमेरिकेंत एक उपाय काढण्यांत आला. मेरीलँड राज्यांत गेथर्सबर्ग येथें ‘नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ स्टँडर्ड्स अँड टेक्नॉलॉजी’ ही मापें व प्रमाणें ठरविणारी सरकारी संस्था आहे. तिनें या शतकाच्या आरंभापासून ‘नॅशनल सॉफ्टवेअर रेफरन्स लायब्ररी’ नांवाचा एक संग्रह चालविला आहे. ग्रंथालयांत जशीं पुस्तकें, तशा या संग्रहांत निरनिराळ्या कंपन्यांच्या आज्ञावल्या जमा केल्या जातात. प्रत्येक आज्ञावलींतील प्रत्येक फायलीचा हॅश काढून त्याच्यापुढें फायलीचें नांव, आकार, ती कोणत्या आज्ञावलींतील व कोणाच्या कारखान्याची, ही नोंद केली जाते. ही यादी दर तीन महिन्यांनीं कोणासही विनामूल्य मिळते. तपासनीस जप्त यंत्रांतील सर्व फायलींचे हॅश काढतो, ते या यादीशीं ताडून पाहतो, आणि जुळलेल्या फायली बाजूस सारतो. जें उरतें तेंच त्या मनुष्याचें स्वतःचें लिहिलेलें, मिळविलेलें किंवा लपविलेलें असण्याचा संभव अधिक. मनुष्यानें आयुष्यभर बसून जें झालें नसतें, तें यंत्र कांहीं तासांत करून देतें.

येथें एक गैरसमज टाळला पाहिजे. या यादींत नांव आहे म्हणजे ती फाइल निर्मळ, असें कोणी समजूं नये. गुप्त लेखन लपविण्याचीं किंवा दुसऱ्याच्या यंत्रांत शिरण्याचीं साधनेंही त्या संग्रहांत नोंदलेलीं असतात. यादी फक्त एवढेंच म्हणते कीं, ‘ही फाइल ओळखीची आहे व ती अमुक ठिकाणची आहे.’ ओळखीचा म्हणजे सज्जन असा अर्थ नव्हे. गांवांतला चोरही गांवाच्या ओळखीचाच असतो. उलटपक्षीं, यादींत नसलेली फाइल दोषी ठरत नाहीं. शेतकऱ्यानें लिहिलेला पिकाचा हिशेब किंवा लेकीच्या लग्नाचें छायाचित्र अमेरिकेच्या यादींत कोठून असणार? तसेंच, घातक म्हणून नोंदलेल्या आज्ञावलींत तिच्या कर्त्यानें एका अंकाचा फरक केला, तर ती या परीक्षेंतून निसटून जाते. म्हणून यादी ही तपासाचा आरंभ आहे, निकाल नव्हे.

हॅश हा अर्थ जाणत नाहीं, तो केवळ अंकांची माळ जाणतो. मराठी वाचकास याचें फार चांगलें उदाहरण आपल्याच लिपींत सांपडतें. ‘तऱ्हा’ या शब्दांतील ‘ऱ’ हें अक्षर युनिकोड पद्धतींत दोन प्रकारांनीं लिहितां येतें. एक प्रकार, स्वतंत्र अक्षर म्हणून. दुसरा, ‘र’ आणि त्याखालील नुक्ता अशीं दोन चिन्हें जोडून. नित्याच्या साठवणींत पहिल्या प्रकारास तीन बाइट लागतात, दुसऱ्यास सहा. कागदावर दोन्ही ‘तऱ्हा’ सारख्याच दिसतात, वाचणारा दोहोंचा उच्चार एकच करतो, पण दोन फायलींचे हॅश अगदीं निराळे येतात. यांत कोणीही लबाडी केलेली नसते. यावरून असें दिसतें कीं, हॅश जुळला तर फायली एकच आहेत असें निःशंक म्हणावें. परंतु हॅश जुळला नाहीं, तर मजकूर खोटा आहे असा निष्कर्ष घाईनें काढूं नये. फरक कोठें व कां पडला, हें आधीं शोधावें.

हाच प्रकार दूरध्वनीवरील छायाचित्रांचा. व्हॉट्सअॅपवरून छायाचित्र म्हणून पाठविलेलें चित्र वाटेंत आकुंचित केलें जातें, व पलीकडे पोंचते ती निराळी फाइल असते. डोळ्यांस चित्र तेंच दिसतें, हॅश मात्र बदललेला असतो. बांधावरून झालेल्या भांडणाचें किंवा अपघाताचें चित्र पुढें पुराव्यास लागेल असें वाटत असेल, तर ज्या यंत्रांत तें टिपलें गेलें तें जपून ठेवणें, आणि प्रत पाठवावयाची झाल्यास ती ‘दस्तऐवज’ या प्रकारानें पाठविणें हितावह होय.

पुराव्याचा हा प्रश्न मराठवाड्यास परका नाहीं. परभणीच्या शेजारच्या जालना जिल्ह्यांतच तो एकदां मोठ्या स्वरूपांत उभा राहिला होता. २०१४ सालच्या विधानसभा निवडणुकींत जालना मतदारसंघांतून अर्जुन पंडितराव खोतकर हे २९६ मतांनीं विजयी झाले. त्यांचे प्रतिस्पर्धी कैलास कुशनराव गोरंट्याल यांनीं मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठापुढें अशी हरकत घेतली कीं, विजयी उमेदवाराचें नामनिर्देशनपत्र दुपारीं तीनची मुदत उलटल्यावर घेतलें गेलें. यास आधार म्हणून निवडणूक अधिकाऱ्याच्या कचेरींतील चलच्चित्रणाचा हवाला देण्यांत आला. परंतु पुराव्याच्या कायद्याच्या कलम ६५-ब प्रमाणें संगणकीय पुराव्यासोबत जो दाखला लागतो, तो मागूनही अधिकाऱ्यांकडून मिळाला नाहीं. उच्च न्यायालयानें २०१७ सालीं निवडणूक रद्द ठरविली. प्रकरण सर्वोच्च न्यायालयांत गेलें, व १४ जुलै २०२० रोजीं त्या न्यायालयानें उच्च न्यायालयाचा निर्णय कायम करून असें सांगितलें कीं, मूळ यंत्रच हजर केलें नसेल तर त्यांतील प्रतीसोबत दाखला अवश्य पाहिजे. मात्र पक्षकारानें आपल्याकडून सर्व खटपट करूनही ज्याच्या हातीं तो दाखला आहे तो देत नसेल, तर त्याचा दोष पक्षकाराच्या माथीं मारतां येणार नाहीं.

त्या वेळच्या दाखल्यांत हॅश लिहिण्याची सक्ति नव्हती. ‘यंत्र नीट चालत होतें व ही त्यांतील प्रत आहे’ असें जबाबदार मनुष्यानें लिहून दिलें म्हणजे कायद्याचें समाधान होई. वस्तुतः हॅशची व्याख्या २००० सालच्या माहिती तंत्रज्ञान अधिनियमांतच दिलेली आहे, पण ती संगणकीय सहीच्या संबंधांत. १८७२ सालच्या जुन्या पुराव्याच्या कायद्याच्या जागीं भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३ हा १ जुलै २०२४ पासून अमलांत आला, आणि त्याच्या कलम ६३ खालील दाखल्याच्या नमुन्यांत हॅश व तो कोणत्या रीतीनें काढला तें लिहावयाची जागा आली. नमुन्याचा एक भाग पुरावा देणारानें भरावयाचा, दुसरा तज्ज्ञानें. पूर्वीं पंचनाम्यांत मुद्देमालावर लाखेचा शिक्का मारीत. तो फुटला कीं संशय येई. हॅश हा संगणकीय मुद्देमालाचा शिक्काच समजावा. जप्तीच्या वेळीं यंत्रांतील सर्व अंकांची हुबेहुब नक्कल घ्यावी, मूळ व नक्कल या दोहोंचे हॅश काढून ते पंचनाम्यांत लिहावे, आणि तपास नकलेवर करावा. पुढें वर्षानुवर्षें खटला चालला, तरी कोणत्याही दिवशीं हॅश पुन्हां काढून वस्तूंत फेरफार झाला कीं नाहीं, हें आरोपीसही पाहतां येतें आणि सरकारासही.

शेतकऱ्याच्या घरीं हाच हॅश निराळ्या वेषानें येतो. महाराष्ट्रांत २०१८ सालापासून संगणकीय सहीचा सातबारा मिळूं लागला. त्या फायलीवर सही होते ती अशी: प्रथम मजकुराचा हॅश काढला जातो, व अधिकाऱ्याच्या गुप्त किल्लीनें त्या हॅशवर मोहोर केली जाते. पुढें कोणी त्या फायलींत क्षेत्राचा एक आंकडा जरी बदलला, तरी हॅश बदलतो आणि सही फोल ठरते. परंतु तीच फाइल कागदावर छापली म्हणजे अंकांची माळ उरत नाहीं, व कागदावरील सहीचें चित्र एकट्यानें कांहींच सिद्ध करीत नाहीं. अशा वेळीं कागदावर दिलेल्या पडताळणी क्रमांकावरून सरकारी नोंद पाहावी, हेंच योग्य.

हॅशच्या सर्वच रीती सारख्या विश्वासाच्या नाहींत, हेंही सांगितलें पाहिजे. रोनाल्ड रिव्हेस्ट या अमेरिकन पंडितानें रचलेली ‘एमडी-५’ ही रीत १९९२ सालीं प्रसिद्ध झाली व जगभर चालू लागली. २००४ सालीं श्याओयुन वांग या चिनी विदुषीनें व तिच्या सहकाऱ्यांनीं, एकच एमडी-५ हॅश असलेल्या भिन्न माळा मुद्दाम तयार करतां येतात, हें दाखवून दिलें. ‘शा-१’ या दुसऱ्या रीतीचीही तीच गत २०१७ सालीं झाली. ॲमस्टरडॅम येथील एक संशोधनसंस्था आणि गूगल कंपनी यांनीं एकच हॅश असलेल्या दोन निराळ्या पीडीएफ फायली जगापुढें ठेवल्या. तरी या शोधाचा अर्थ नीट समजून घेतला पाहिजे. एखाद्यानें दोन्ही फायली स्वतःच रचून त्या जुळ्या करणें ही एक गोष्ट, आणि दुसऱ्यानें पूर्वींच केलेल्या फायलीच्या हॅशबरहुकूम नवी फाइल बनविणें ही दुसरी गोष्ट. पहिली शक्य झाली आहे. दुसरी एमडी-५ च्या बाबतींतही व्यवहारांत साधलेली नाहीं. म्हणून जुन्या याद्या एकदम निरुपयोगी झाल्या असें नव्हे. पण ज्याच्या हातून फाइल आली तोच लबाड असण्याचा संभव असेल, तेथें जुन्या रीतीवर विसंबूं नये. अमेरिकेच्या उपर्युक्त संग्रहानेंही आपल्या नोंदींत शा-२५६ चा समावेश केला आहे. आपल्याकडील दाखल्याच्या नमुन्यांत तिन्ही रीतींचीं नांवें आहेत. त्यांतून निवड करावयाची झाल्यास शा-२५६ च निवडावी.

आणखी एक सावधगिरी. वस्तु व तिचा ताळा हीं दोन्ही एकाच हातून घेतलीं, तर ताळ्यास अर्थ राहत नाहीं. फेब्रुवारी २०१६ मध्यें ‘लिनक्स मिंट’ या विनामूल्य आज्ञावलीच्या संकेतस्थळांत चोर शिरले, आणि तेथून मिळणाऱ्या मूळ फायलीच्या जागीं त्यांनीं आपली दूषित फाइल लावून दिली. चालकांनीं खऱ्या फायलींचे हॅश जाहीर केले, तेव्हां ज्यांनीं नुकतीच ती आज्ञावली उतरवून घेतली होती त्यांस आपल्याकडील प्रत खरी कीं खोटी हें ताडून पाहतां आलें. परंतु जो चोर फाइल बदलूं शकतो, तो शेजारीं लिहिलेला हॅशही बदलूं शकेल. म्हणून हॅश शक्य तों दुसऱ्या मार्गानें मिळवावा, किंवा त्यावर कर्त्याची संगणकीय सही आहे हें पाहावें.

हॅश काढणें हें काम अवघड नाहीं. विंडोजच्या यंत्रावर ‘सर्टयुटिल’ ही आज्ञा व लिनक्सवर ‘शा-२५६-सम’ ही आज्ञा त्यासाठीं आधींच दिलेली असते, आणि वेगळा खर्च पडत नाहीं. दुकानांतील कॅमेऱ्याचें चित्रण पोलिसांस द्यावयाचें असो, सहकारी सोसायटीचा वार्षिक हिशेब सभासदांस वांटावयाचा असो, कीं शाळेच्या जुन्या दाखल्यांच्या प्रती जपावयाच्या असोत, फाइल तयार झाली त्याच दिवशीं तिचा हॅश काढावा, रीतीचें नांव, दिनांक व वेळ यांसह तो कागदावर लिहावा, आणि दोघांच्या सह्या घेऊन तो कागद निराळा ठेवावा. हा विलंब लागतां कामा नये. कारण फेरफार झाल्यावर काढलेला हॅश त्या फेरफारालाच खरेपणाचा शिक्का देऊन बसतो.

शेवटीं हें लक्षांत असावें कीं, ताळा जमला म्हणजे गणितांतील आंकडेमोड बरोबर आहे एवढेंच सिद्ध होतें. उदाहरणच चुकीचें उतरून घेतलें असेल, तर त्याचें भान ताळ्यास नसतें. खोट्या मजकुराचाही हॅश निघतो, आणि तो दहा वर्षांनींही तंतोतंत जुळतो. फाइल तीच आहे, एवढें यंत्र सांगेल. ती कोणीं लिहिली, कोणत्या हेतूनें लिहिली, व तिच्यांतील म्हणणें खरें आहे काय, याचा निर्णय साक्षीदार, पंच आणि न्यायाधीश यांनींच करावयाचा आहे. आणि तो करतांना मुद्देमाल वाटेंत बदललेला नाहीं, एवढी खात्री त्यांस असली, तर निर्दोष मनुष्यास सुटकेचा व फिर्यादीस न्यायाचा मार्ग पुष्कळच सोपा होईल.